पाच माणसांना आठ सीट

आमच्या घरात माणसं पाच. मी, आई, बाबा, दादा आणि वहिनी. दारात एक छोटी गाडी आहे, तिच्यात सीटही पाच. हे गणित पहिलीतल्या पोरालाही सुटेल. तरीही मागच्या महिन्यात मी आठ सीटची, ट्रकच्या धाकट्या भावासारखी दिसणारी एक जुनी गाडी विकत घ्यायला निघाले होते. जो भेटेल तो विचारायचा, "घरात माणसं किती?" मी म्हणायची, "पाच." मग तो माझ्याकडे बघत राहायचा आणि मी जमिनीकडे.

कारण सांगायचं तर असं, की बाबा आणि दादा चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. राहतात एकाच घरात, जेवतात एकाच टेबलावर, पण दोघांमधून विस्तव जात नाही. "तुझ्या भावाला सांग, पंखा बंद कर." "बाबांना सांग, मी लावलेला नाही." आणि मध्ये मी. पोस्टमनला निदान पगार तरी मिळतो.

भांडण कशावरून झालं हे मला आजही धड सांगता येत नाही. आमचं सीट कव्हरचं दुकान आहे. गाड्यांच्या सीट, सोफे, दवाखान्यातल्या खुर्च्या, जे काही माणसाच्या बुडाखाली येतं ते आम्ही शिवतो. बाबांना सगळे मास्तर म्हणतात. दादा त्यांच्याच हाताखाली शिकला आणि मीही. चार वर्षांपूर्वी एका सोफ्याच्या शिवणीवरून दोघांची जुंपली. बाबा सांगतात, दादा म्हणाला, "तुम्हाला काय कळतं?" दादा सांगतो, बाबा म्हणाले, "तुला काय कळतं?" मी तिथेच होते, तोंडात टाचण्या धरून उभी. मला वाटतं दोघंही म्हणाले. पण आधी कोण, ते देवाला ठाऊक. दुसऱ्या दिवशी दादाने दुकान सोडलं आणि एका गोदामात नोकरी धरली. ज्याचा सोफा होता ते गिऱ्हाईक त्यावर अजून सुखाने बसतंय.

हे असंच चाललं असतं, आम्हाला त्याची सवयही झाली होती. पण मध्येच मावशीचं दुखणं आलं. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, आमच्यापासून सहा तासांवर राहते. वर्षभर तिचा फोनवरचा आवाज दर आठवड्याला थोडा थोडा बारीक होत चालला होता. शेवटी डॉक्टरांनी तिच्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या. आईने फोन ठेवला, ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला आणि म्हणाली, "जायचं. सगळ्यांनी. एका गाडीतून."

"दोन गाड्यांतून गेलं तर काय बिघडेल?" वहिनीने विचारलं.

"ती दिवसभर खिडकीत बसून असते. कोण कशातून उतरलं ते तिला दिसणार. चार वर्षं मी तिला सांगत आलेय, आमच्याकडे सगळे मजेत. आता शेवटाला खोटी पडू?" आईने फडकं पिळून दोरीवर टाकलं. "एका गाडीतून जमत नसेल तर मीही जात नाही."

आई अशी बोलली की त्यावर अपील नसतं. ती खरंच गेली नसती, आणि मग जन्मभर तिने आम्हाला काही म्हटलंही नसतं. त्या न म्हणण्याची मला भीती वाटली.

गाडी दादाच चालवणार हे उघड होतं. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर बाबांनी चालवणं सोडलंय, वहिनीला येत नाही, आणि मी शहरात चालवते, पण हमरस्त्यावर शेजारून ट्रक गेला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. बाबा म्हणाले, "त्याच्या शेजारी मी बसणार नाही." मी म्हटलं, मग मागे बसा. "मागून आरशात त्याचे डोळे दिसतात." हा निरोप घेऊन मी वर दादाच्या खोलीत गेले. दादा म्हणाला, "ते मागे बसले की माझ्या मानेवर नजर टोचते. गाडी कुठे घालीन सांगता येत नाही." हा निरोप घेऊन मी खाली आले. गुडघे माझे दुखतात, भांडण त्यांचं.

"मग दोघांच्या मध्ये एक अख्खी रांग सोडा ना," वहिनी म्हणाली. "बसच घ्या सरळ."

ती चेष्टा करत होती. पण आमच्या घरात चेष्टा कळायला वेळ लागतो. संध्याकाळपर्यंत मी दुकानातल्या कापायच्या टेबलावर खडूने तीन रांगांची गाडी काढली होती आणि माणसांच्या जागी स्पंजचे तुकडे मांडले होते. पुढे दादा आणि वहिनी. मधल्या रांगेत आई आणि मी. सगळ्यांत मागे, डाव्या कोपऱ्यात, बाबा. तिथून आरसाही नाही आणि मानही नाही. मधल्या सीटच्या डोकं टेकायच्या उशा वर ओढल्या की पडदाच. बाबांनी चष्मा पुसून आराखडा बघितला, बोटाने आपला तुकडा अजून दोन सूत मागे सरकवला आणि म्हणाले, "असं चालेल." मग घरी वर जाऊन दादाला सांगितलं. तोही म्हणाला, "चालेल." चार वर्षांत दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. मला इतका आनंद झाला की हे काय चाललंय असा प्रश्नही पडला नाही.

"दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," वहिनी म्हणाली. ते कोणी ऐकलं नाही.

आमच्या दुकानासमोर एका मिस्त्रींचं गॅरेज आहे. त्यांनीच गाडी शोधली. एका औषधवाल्या बाईंची होती. बाईंचा नवरा गेल्या वर्षी वारला, दुकान त्यांनी बंद केलं, आता गाडी काढून टाकायची होती. मी आणि मिस्त्री बघायला गेलो. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती, गडद हिरवी, इतकी उंच की आत बघायला मला टाचा उचलाव्या लागल्या. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, कमरेपर्यंत आत गेले, इंजिन चालू केलं, कान लावला, बंद केलं आणि हात पुसत माझ्याकडे आले.

"ताई, इंजिन एक नंबर आहे. घेऊ नका."

"का?"

"इतकं चांगलं इंजिन कोण विकतं? काहीतरी असणार."

"मग नको म्हणू?"

"नको कसं? अशी गाडी परत मिळायची नाही."

"म्हणजे घेऊ?"

"माझं ऐकाल तर घेऊ नका. घ्यायचीच तर मात्र हीच घ्या."

एवढा सल्ला मिळाल्यावर मी सीटकडे वळले. मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, पण सीट मला वाचता येतात. सीट खोटं बोलत नाही, हे बाबांचं वाक्य. कोण जाड होतं, कोण एका कुशीवर बसायचं, कोणाच्या खिशात किल्ल्या असायच्या, कोणाचं पोर खिडकीपाशी उभं राहायचं, सगळं स्पंज सांगतो.

चालवणाऱ्याची सीट व्हायला हवी तशीच होती, दाराकडची कड झिजलेली आणि पाठ दबलेली. तिच्या शेजारची मात्र कोरी. दाबून बघितली तर स्पंज हात परत ढकलत होता. मधल्या रांगेवर अजून कंपनीचं प्लॅस्टिक होतं, पिवळं पडलेलं पण न फाडलेलं. आणि सगळ्यांत मागे, डाव्या कोपऱ्यातली सीट पार बसलेली. कडेचं पायपिंग, म्हणजे शिवणीवरची गोल गोट, घासून गुळगुळीत. हात टेकायच्या जागी कापडाला बारीक बारीक भोकं, पन्नास तरी असतील, सुयांनी पाडावीत तशी. खालच्या पट्टीत निळ्या लोकरीचा एक धागा अडकलेला.

मी तिथेच वाकून उभी राहिले. आठ सीटच्या गाडीत वापरल्या फक्त दोन, आणि त्याही एकमेकींपासून जितक्या लांब असू शकतात तितक्या. कुत्रं बसत असेल म्हणावं, तर कुत्रं विणकाम करत नाही. आजारी माणूस म्हणावं, तर आजाऱ्याला इतक्या मागे चढवतं कोण? मी मिस्त्रींना बोलावलं.

"टॅक्सी असणार," ते म्हणाले.

"टॅक्सीतलं गिऱ्हाईक रोज शेवटच्या कोपऱ्यात जाऊन का बसेल?"

"लाजाळू असेल."

तेवढ्यात बाई कागदपत्रांची फाइल घेऊन आल्या. साठीच्या पुढच्या, ताठ, चष्म्याची साखळी गळ्यात. औषधाची चिठ्ठी बघावी तसं त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"घरात माणसं किती?"

"पाच."

"मग आठ सीट कशाला?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं मी त्यांनाच विचारलं, "तुम्ही किती जण होतात?"

"दोघं."

मी मागच्या कोपऱ्याकडे बघितलं. मग मी म्हटलं, "बाई, मागे कोण बसायचं?"

"मी," त्या म्हणाल्या. फाइल माझ्या हातात दिली आणि कुकर लावलाय म्हणून आत निघून गेल्या.

पुढचे चार दिवस माझ्या डोक्याचा भुगा झाला. दुकानात शिवता शिवता माझा हात थांबायचा. नवरा-बायको दोघंच. नवरा पुढे एकटा, बायको दोन रांगा मागे, मध्ये न फाडलेलं प्लॅस्टिक. आईला विचारलं तर म्हणाली, "झोप लागत असेल बिचारीला." वहिनी म्हणाली, "नवरा गाणी म्हणत असेल." बाबांना फक्त एवढंच विचारायचं होतं, की स्पंज बसलाय तर खालची स्प्रिंग शाबूत आहे का. दादा म्हणाला, "तुला गाडी घ्यायचीय की चौकशी आयोग नेमायचाय?" मलाही ते नक्की सांगता येईना. मिस्त्री रोज दुकानात डोकावून म्हणत, "ताई, ठरलं का? घेऊ नका हं." आणि जाता जाता, "पण लवकर ठरवा, दुसरं कोणी उचलेल."

रविवारी सगळ्यांनी जाऊन चक्कर मारून बघायचं ठरलं. मी आई-बाबांना छोट्या गाडीतून घेऊन गेले, दादा आणि वहिनी बाइकवरून आले. एकाच घरातून, एकाच वेळी, एकाच पत्त्यावर. आमच्या शेजाऱ्यांनी याबद्दल विचारणं कधीच सोडून दिलंय.

बाबा कोणाशी काही न बोलता थेट मागे चढले. उंच पायरीवर एक पाय, मग गुडघ्याला हात, मग दुसरा पाय, मधली सीट दुमडून, वाकून, डाव्या कोपऱ्यात. बसल्या बसल्या त्यांनी हाताने स्पंज चाचपला. "बराच वापर आहे," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा समाधानी होता. दादा स्टिअरिंगवर बसला आणि त्याने आरसा थोडा वर केला, इतका की त्यात फक्त छत दिसावं. वहिनी त्याच्या शेजारी. आई आणि मी मधल्या रांगेत प्लॅस्टिकवर. जरा हललं की आमच्याखाली कुरकुर व्हायची. माझा आराखडा तंतोतंत जमला होता, आणि तो खडूने काढलेला जितका छान दिसत होता तितका आता दिसत नव्हता. गाडीत पाच माणसं होती आणि प्रतीक्षालयात बसल्यासारखं वाटत होतं.

बाई किल्ली घेऊन आल्या. "मी पण येते," त्या म्हणाल्या. "क्लच जरा वर आहे, सांगावं लागेल." त्यांनी मागचं दार उघडलं आणि सवयीने, कुठेही हात न चाचपता, वाकून आत शिरल्या. आणि तशाच वाकलेल्या थांबल्या. त्यांच्या कोपऱ्यात बाबा होते.

"ही माझी जागा आहे," त्या म्हणाल्या.

बाबा उठायला गेले, डोकं छताला आपटलं, परत बसले. "माफ करा, मला माहीत नव्हतं..."

"नाही, नाही, बसा. आता काय." बाई त्यांच्या शेजारच्या सीटवर टेकल्या, आणि तिथे कधी बसल्याच नसल्यासारख्या इकडेतिकडे बघायला लागल्या. दादाने गाडी बाहेर काढली. क्लच खरंच वर होता, पण बाईंनी काही सांगितलं नाही.

दोन रस्ते गेले. मला राहवेना. माझी आई म्हणते की माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, ते खरं आहे, पण इथे तर माझ्या धंद्याचा प्रश्न होता. मी मागे वळले. "बाई, रागावू नका. पुढची सीट रिकामी असताना तुम्ही इथे का बसायचात?"

आईने मला कोपर मारलं. बाई मात्र रागावल्या नाहीत. उलट इतक्या वर्षांत हे कोणीच कसं विचारलं नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"गाडी महिन्याभराची होती," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली. आम्ही कुठेतरी निघालो होतो, आता कुठे तेही आठवत नाही. ह्यांचं वळण चुकलं. मी म्हटलं, मी सांगत होते. हे म्हणाले, तुला एवढं कळतं ना, मग मागे बसून सांग. मी उतरले आणि मागे आले. मधल्या रांगेत बसणार होते. मग म्हटलं, बसायचंच तर पुरतं मागे बसते."

"मग?"

"मग काय? घरी आलो, जेवलो. घरी आम्ही बोलायचो हो. दुकानातही बोलायचो. गिऱ्हाईक, बिलं, जेवायला काय करू, सगळं. पण दुसऱ्या दिवशी गाडीपाशी आले आणि वाटलं, आता हे म्हणतील, ये पुढे. हे काही म्हणाले नाहीत. मला वाटलं, आपण होऊन कशाला जायचं? तिसऱ्या दिवशी तेच. मग मी विणकाम बरोबर घ्यायला लागले."

"अकरा वर्षं?" हे पुढून वहिनीने विचारलं.

"गाडी मोठी होती ना," बाई म्हणाल्या. "लहान असती तर जमलं नसतं. कुठे जाणार होते? शेजारीच बसावं लागलं असतं."

गाडी हळू झाली होती. दादा पुढे बघत होता, पण त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

"शेवटी दवाखान्यात नेलं ना, तेव्हा ह्यांचा पुतण्या चालवत होता," बाई म्हणाल्या. आता त्या माझ्याशी नाही, समोरच्या सीटच्या पाठीशी बोलत होत्या. "हे पुढे त्याच्या शेजारी. मी इथे. माझा पाय आपसूक इकडेच वळला. अर्ध्या वाटेत ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाले. इथपर्यंत ऐकू आलं नाही. मी म्हटलं, काय? तर नुसता हात हलवला, असू दे म्हणून." त्यांनी चष्म्याची साखळी सरळ केली. "पाणी मागितलं असेल. नाहीतर पोरगा वळण चुकला असं म्हणाले असतील."

आईच्या खालचं प्लॅस्टिक वाजलं. मला रडू येत होतं आणि स्वतःचा भयंकर रागही येत होता. मी खडू घेऊन, मापं टाकून, स्पंजचे तुकडे कापून नेमकं हेच मांडलं होतं. आणि वर मीच ते बघून खूश झाले होते.

"गाडी थांबवायला सांग," बाबा मागून म्हणाले.

"काय झालं?"

"तुझ्या भावाला सांग, थांबव. मला मळमळतंय."

बाबांना आयुष्यात कधी गाडी लागलेली नाही. बोटीत बसूनही ते डबा खातात. पण मला काही सांगायची गरज पडली नाही, दादाने गाडी आधीच कडेला घेतली होती. वहिनी कोणी न सांगता खाली उतरली आणि पुढचं दार धरून उभी राहिली. "बाबा, पुढे बसा. पुढे बरं वाटतं." बाबा मागून बाहेर आले, गाडीला वळसा घालून गेले आणि पुढच्या कोऱ्या सीटवर बसले. वहिनी आमच्याजवळ आली. मागे बाई आपल्या कोपऱ्यात सरकल्या. बाईंच्या दारी परत येईपर्यंत बाबा खिडकीतून बाहेर बघत होते आणि दादा सरळ समोर. आरसा अजून छतच दाखवत होता.

उतरल्यावर बाबा गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "एवढी मोठी गाडी घेऊन काय करायचंय?"

मी बाईंना म्हटलं, "फोन करते."

"करू नका," त्या म्हणाल्या. "पाचच तर आहात तुम्ही." हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. मग त्यांनी गाडीचं पुढचं दार उघडलं, जिथून बाबा नुकते उतरले होते त्या सीटवर बसल्या आणि काचेतून शेडच्या भिंतीकडे बघत राहिल्या. आम्ही निघेपर्यंत त्या तिथेच होत्या.

मिस्त्री अजून विचारतात, ताई, ती गाडी का सोडलीत? मी म्हणते, सीट आवडल्या नाहीत. ते म्हणतात, सीट तर तुम्ही नव्या शिवल्या असत्या. मग मी मशीन चालू करते, आणि ते म्हणतात, बरं केलंत, पण चुकलात.

मावशीकडे आम्ही छोट्या गाडीतून गेलो. ती खिडकीत होती. तिच्या डोळ्यांदेखत आम्ही पाच जण एका गाडीतून उतरलो, आखडलेले, एकमेकांचे हात धरून. "अगं, एवढ्याशा गाडीत पाच जण?" ती आईला म्हणाली. "अवघडला असाल." आई म्हणाली, "नाही गं, सगळे मजेत आहोत," आणि तिच्या पायाशी बसली. चार वर्षांत ती मावशीशी पहिल्यांदा खरं बोलली असावी, म्हणजे अवघडण्याचं सोडून.

पण हे पुढचं झालं. त्या रविवारी बाईंच्या दारातून परत निघतानाचं सांगायचं राहिलं.

दादा सवयीने बाइककडे निघाला होता. आई छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर, मधोमध, जाऊन बसली आणि तिथून तिने हाक मारली, "अरे, चावी घे. चालव."

"आणि बाइक?"

"राहू दे इथे. उद्या ने."

दादा आईकडे बघत राहिला. मग त्याने माझ्या हातातून चावी घेतली. मी आणि वहिनी आईच्या दोन बाजूंना शिरलो. उरली पुढची एक सीट आणि बाहेर उभे बाबा. ते दाराशी थांबले, चष्मा काढला, पुसला, घातला, आणि बसले. दार लावताना त्यांचा दंड दादाच्या दंडाला लागला. दोघांनीही अंग चोरलं, पण त्या गाडीत चोरून चोरून किती चोरणार? दर गिअरला दादाचं कोपर बाबांना लागत होतं. मागे आमची सहा मांडीची हाडं एका ओळीत रचून ठेवलेली.

मोठ्या चौकात सिग्नल लाल होता. आम्ही थांबलो. बाबांनी घसा खाकरला.

"तुझ्या भावाला सांग," ते म्हणाले, "डावीकडे घे."

माझं तोंड उघडलंच होतं. चार वर्षांची सवय. पण मी ते मिटलं. "मी नाही सांगणार," मी म्हटलं. "वीतभर अंतरावर बसलाय तो. तुम्हीच सांगा."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला, मग त्याच्या मागच्याने. दादा गाडी हलवेना. बाबा समोर बघत होते, हात गुडघ्यांवर ठेवून.

"डावीकडे," ते दादाला म्हणाले.

आमचं घर उजवीकडे होतं. शहराच्या या बाजूचे रस्ते बाबांना कधीच कळले नाहीत. हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि दादाला तर सगळ्यांत जास्त माहीत होतं. त्याने बोलायला तोंड उघडलं. आईने माझा हात घट्ट धरला. मग दादाने तोंड मिटलं आणि गाडी डावीकडे वळवली.